आकडे मोजणाऱ्या बाईचा आवाज

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलण्याची मला सवय नाही, माझा सगळा जन्म ऐकण्यात गेला. मी रोम शहरातला एक जुना मायक्रोफोन आहे. मला डोळे नाहीत. कान आहे, तोही एकच, पण पक्का. म्हणून मी जे सांगेन ते कानाचे, आणि जिथे पाहिल्यासारखे सांगेन तिथे ते दुसऱ्यांच्या बोलण्यातून मला कळलेले, असे समजा.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी श्वास रोखून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा माझ्या पोटात ताणून बसवला आणि त्यावर जाड जाळी चढवली. मग भुशात गुंडाळून मला रोमला धाडले. खोके उघडणाऱ्या माणसाचे नाव रेमो. तो आमच्या स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. मला दोन्ही हातांनी उचलून तो म्हणाला, "बापरे! हा तर माझ्या सासऱ्यासारखा आहे. जड आणि गप्प." त्या दिवसापासून रोज काम संपले की तो मला मऊ फडक्याने पुसायचा आणि लोकरीची पिशवी घालायचा. एवढी निगा त्याने स्वतःच्या सासऱ्याची राखली असेल असे मला वाटत नाही.

आमच्याकडे सिनेमा आधी मुका काढायचे आणि मग त्याला बोलता करायचे, अशी पद्धत होती. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. दिग्दर्शकाला मासळीबाजारात एखादा रुबाबदार कोळी दिसला की तो त्याला राजा करी, आणि राजाचा आवाज आमच्या स्टुडिओतून जाई. अशा नवख्या माणसांना संवाद कुठले पाठ व्हायला? मग दिग्दर्शक म्हणे, "तू नुसते आकडे मोज. एक, दोन, तीन, चार. रागाने मोज, रडत मोज. ओठ हलले की झालं." बिचारा कोळी सिंहासनावर बसून आकडे मोजे आणि चार महिन्यांनी पडद्यावर त्याच्या तोंडून फर्माने सुटत.

फर्माने सोडण्याचे काम माझ्यासमोर चाले. फिल्मच्या लहानशा तुकड्याची दोन टोके जोडून कडे करायचे, ते यंत्रावर फिरत ठेवायचे. पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा येई आणि माझ्यासमोर उभे राहून आवाजाचे कलाकार पडद्यावरच्या ओठांच्या हालचालीवर वाक्य बसवत. त्यात एर्सीलियाचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने राण्या, जोगिणी, चेटकिणी आणि एकदा तर बोलणारी गाढवीसुद्धा माझ्यासमोर उभी केली. तोंडात सदा ज्येष्ठमधाची गोळी. ती गोळी दातांवर खट् वाजली की मला कळे, बाई आल्या. लोक माझी तारीफ करत, "हा मायक्रोफोन खोटा सूर लपू देत नाही." मला त्याचा फार अभिमान होता. आता वाटते, खोटा सूर ओळखणे वेगळे आणि खोटे वाक्य ओळखणे वेगळे. सूर सच्चा लावून माझ्यासमोर वाटेल ते बोलता येत होते.

मग चौऱ्याहत्तर सालच्या वसंतात एक पोलिसांचा सिनेमा आमच्याकडे आला.

दिग्दर्शकाचे नाव कोर्रादो. सिनेमा दक्षिणेतल्या पालेर्मो शहराचा. तिथला एक पोलीसप्रमुख वरून शिस्तीचा पुतळा, आतून टोळीच्या म्होरक्याचा जेवणातला सोबती. त्याच्या हाताखालच्या एका हवालदाराला हे कळते. तो तोंड उघडणार हे पाहून प्रमुख त्याचे नाव म्होरक्याला देतो, आणि सकाळी पाव आणायला गेलेला हवालदार बेकरीच्या दारात गोळ्या खाऊन पडतो. गोष्ट खरी घडलेली होती. खऱ्या हवालदाराचे नाव गास्पारे. सिनेमात नाव बदलले होते, नट चांगला उंचापुरा घेतला होता. पण हवालदाराच्या बायकोसाठी कोर्रादोला कोणत्याही नटीचा चेहरा पसंत पडेना. शेवटी त्याने गास्पारेच्या खऱ्या विधवेलाच विचारले. निन्फाबाई शिवणकाम करत. कॅमेरा त्यांनी लग्नानंतर पाहिलाच नव्हता. कोर्रादोने त्यांना सांगितले, "आम्ही खरं तेच दाखवू." तेवढ्या शब्दावर त्या तयार झाल्या.

शेवटचा प्रसंग चर्चमधला होता. शवपेटी समोर, आणि तोच पोलीसप्रमुख सांत्वनाला येतो. विधवा त्याच्याकडे पाहून बोलते. निन्फाबाईंना अर्थातच आकडे मोजायला सांगितले होते. आवाज एर्सीलिया देणार होती.

एर्सीलियाची एक खोड होती. ज्याचा चेहरा, त्याचा खरा आवाज एकदा तरी ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती कोर्रादोला म्हणाली, "मला आकड्यांवरून काय कळणार? त्या बाईंना एक दिवस बोलवा. मला त्यांच्या बोलण्याचा हेल ऐकू दे." कोर्रादोने निरोप धाडला. निन्फाबाईंनी गाडीचे तिकीट काढले.

आणि त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी निर्माता बेलार्दी स्टुडिओत आला. त्याला सगळे 'कोमेंदातोरे' म्हणत. म्हणजे तुमच्याकडचे रावबहादूरच म्हणा. एरवी त्याच्या पायांचा आवाज रस्त्यापासून ऐकू येई. त्या दिवशी तो कधी आला ते मलाही कळले नाही.

"फार काही नाही, कोर्रादो," तो म्हणाला. "दोन ठिकाणची वाक्यं बदलायची. पडद्यावरचं काही हलवायचं नाही. मी लिहून आणलीत."

कागद फडफडला.

"हे कोणी सांगितलं?" कोर्रादोने विचारले.

"कोणी नाही रे. पालेर्मोची दोन माणसं जेवायला आली होती. इतकी नम्र, की माझ्या बायकोने त्यांना दुसऱ्यांदा कॉफी विचारली. माझ्या मुली कुठल्या शाळेत जातात, कुठल्या दाराने बाहेर पडतात, ते त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

बदल साधा होता. पोलीसप्रमुख आता निर्दोष ठरणार होता. टोळीबरोबरचे त्याचे जेवण म्हणजे त्यांना पकडण्यासाठी केलेले नाटक. पण मग हवालदार का मेला, याला काहीतरी कारण हवे. म्हणून हवालदारच टोळीचे पैसे खाणारा, आणि वाटणीवरून मेलेला. चर्चमध्ये विधवा प्रमुखाला म्हणणार, "साहेब, तुमचा दोष नाही. माझ्या नवऱ्याने स्वतःला विकलं होतं."

एर्सीलियाने ज्येष्ठमधाची गोळी कडाड्कन चावली. "म्हणजे बायकोच्या तोंडून नवऱ्याला चोर म्हणवायचं?"

"सिनेमातल्या बायकोच्या," बेलार्दी म्हणाला.

"चेहरा खऱ्या बायकोचा आहे, कोमेंदातोरे."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? तो तर आकडे मोजतोय! आणि हे बघ, तुला जमणार नसेल तर दुसरी कोणी म्हणेल. नाहीतर सिनेमा डब्यात बंद. कोर्रादो, तूच ठरव."

कोर्रादोने काही ठरवले नाही. तो फक्त, "उद्या बघू," म्हणाला. रेमोने मला पुसले, पण त्या दिवशी पिशवी घालायला विसरला. आणि या सगळ्या गडबडीत निन्फाबाईंना 'येऊ नका' असे कळवायचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडे यंत्रावर चढले होते. कोर्रादो खुर्चीत चुळबुळ करत होता, बेलार्दी मागे भिंतीपाशी येरझारा घालत होता. एवढ्यात दार उघडले आणि एक कोरडा, बारीक, खालच्या पट्टीतला आवाज आला, "इथेच का ते? सिनेमाला बोलायला लावतात ते?"

"सिन्योरा! तुम्ही?" रेमो एवढ्या जोरात म्हणाला, की माझ्या पडद्याला दचका बसला.

"तुम्हीच बोलावलंत ना? गाडीत रात्रभर बसून कंबर मोडली. एक खुर्ची असली तर बरं होईल."

खुर्ची दिली गेली. बेलार्दी कोर्रादोच्या कानाशी पुटपुटला, "यांना बाहेर कॉफी प्यायला घेऊन जा. आत्ताच्या आत्ता." मी दोघांपासून दूर होतो, पण माझा कान पक्का आहे हे मी आधीच सांगितले आहे. एर्सीलियाचाही कान काही कमी नव्हता.

"कशाला बाहेर?" ती मोठ्याने म्हणाली. "बाई एवढ्या लांबून आल्यात. त्यांना ऐकू दे की. तोंड त्यांचंच आहे. रेमो, लाव कडं."

रेमोने यंत्र सोडले. फिल्मची खरखर सुरू झाली. एर्सीलिया माझ्यासमोर आली, तिने एकच श्वास घेतला आणि कागदावरचे नवे वाक्य स्वच्छ, सावकाश म्हटले. "साहेब, तुमचा दोष नाही. माझ्या नवऱ्याने स्वतःला विकलं होतं." इतक्या वर्षांत तिने कोणतेही वाक्य एवढे सपाट म्हटले नव्हते. निन्फाबाईंच्या कानांतून एक शब्दही निसटू नये म्हणून तिने ते तसे म्हटले, हे मला नंतर कळले.

रेमोने यंत्र थांबवले.

"मी काय म्हणाले?" निन्फाबाईंनी विचारले.

कोर्रादोची खुर्ची करकरली.

"पुन्हा लावा."

रेमोने पुन्हा लावले. पडद्यावर त्यांचेच ओठ हलले असणार, कारण त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"पण मी तर अकरा, बारा, तेरा म्हणत होते. तेराला मला रडू आलं होतं."

"सिन्योरा," बेलार्दी पुढे झाला, "हा सिनेमा आहे. तुमच्या यजमानांचं नावसुद्धा त्यात नाही."

"नाव काढलंत. आमची गल्ली काढलीत का? आमची बेकरी? आमचं चर्च? माझं हे तोंड? पालेर्मोत कोणाला फसवता हो तुम्ही?" त्यांचा आवाज चढला नाही. उलट आणखी खाली गेला. "तिथे आधीच लोक म्हणतात, काहीतरी खाल्लं असणार त्याने, उगीच कोण कोणाला मारतं? मी म्हटलं, म्हणू देत, सिनेमा आला की कळेल. आणि आता मीच ते म्हणायचं? मी?"

"मला तीन मुली आहेत," बेलार्दी म्हणाला. "ते त्यांच्या शाळेचं दार सांगून गेलेत."

निन्फाबाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "मग भिताय ते बरोबरच आहे. भीती काय असते ते मला माहिती आहे, त्यासाठी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. सिनेमा डब्यात टाका. कुलूप लावा, किल्ली फेकून द्या. मी घरी जाईन, शिवण घेऊन बसेन, तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण हे दाखवलंत ना, तर मी पालेर्मोच्या थिएटरच्या दारात खुर्ची टाकून बसेन. रोज, प्रत्येक खेळाला. हेच तोंड घेऊन. आत माझं तोंड काय बोलतं ते ऐकून लोक बाहेर येतील आणि बाहेर माझं तोंड काय बोलतं तेही ऐकतील. आमच्याकडे विधवेला दारातून कोणी उठवत नाही, साहेब. तुमचे ते जेवायला येणारेसुद्धा नाहीत."

मला वाटले, आता बेलार्दी ओरडणार. पण तो धप्पकन खाली बसला, आणि मित्रांनो, तो हसायला लागला. आधी थोडे, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाठीवरचे ओझे कोणीतरी अचानक उचलावे तसे ते हसणे होते.

"अरे, हेच तर सांगता येईल त्यांना!" तो म्हणाला. "माझ्या हातात काही राहिलं नाही, बाई आडवी आली म्हणून! त्यांना गाजावाजा नको होता. आता वाक्य बदललं तर चारपट गाजावाजा होणार. उलट जुनं वाक्य राहिलं तर हा आपला एक सिनेमा, लोक बघतील आणि घरी जातील, असं म्हणता येईल. कोर्रादो, मुलींना मी आजच सीमेपलीकडे, लुगानोला मावशीकडे पाठवतो. शाळा बुडली तर बुडली. तू जुनी वाक्यं घे. घे बाबा, माझा विचार बदलायच्या आत घे!"

कोर्रादो तोपर्यंत खुर्चीतून उठला होता. "सिन्योरा, मी तुम्हाला शब्द दिला होता," तो म्हणाला.

"दिला होतात," निन्फाबाई म्हणाल्या. "आता पाळा."

एर्सीलियाने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. "रेमो, मायक्रोफोन खाली घे. आणखी खाली. बाई ठेंगण्या आहेत. हे वाक्य माझं नाही."

"मला कुठे येतंय हे?" निन्फाबाई घाबरल्या. बेलार्दीला त्या घाबरल्या नव्हत्या, मला मात्र घाबरल्या. "हे काय आहे? शॉक नाही ना लागत?"

"कधी कोणाला लागला नाही," रेमो म्हणाला. "माझ्या सासऱ्यापेक्षा गरीब आहे."

पहिल्यांदा वाक्य ओठांच्या आधीच संपले. मग ओठ संपले तरी वाक्य उरले. मग त्यांनी चुकून पुन्हा आकडेच मोजले आणि सगळे हसले, त्यासुद्धा. शेवटी एर्सीलिया त्यांच्या मागे उभी राहिली. पडद्यावर ओठ उघडण्याच्या क्षणी ती त्यांच्या खांद्यावर थाप देई. थाप पडली, आणि निन्फाबाई बोलल्या.

"नाव तुम्ही दिलंत. माझ्या नवऱ्याने कोणाचं काही खाल्लं नाही. तुम्ही दिलंत त्याचं नाव."

माझ्या पोटातला पडदा थरारून गेला. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला, रेमोच्या यंत्राचा काटा लाल खुणेच्या पार गेला. एरवी त्याने असे मुद्रण पुसून टाकले असते. तो नुसता म्हणाला, "राहू दे."

"हेल पक्का पालेर्मोचा आहे," बेलार्दीने मागून नाक पुसत म्हटले. "रोममध्ये हसतील लोक."

"हसू देत," कोर्रादो म्हणाला.

पुढे रोममध्येही कोणी हसले नाही. त्याच दुपारी पोलीसप्रमुखाचा आवाज देणारा कलाकारही आला आणि त्याची जुनी वाक्ये जशीच्या तशी माझ्यासमोर बोलून गेला. रेमोने मला पिशवी घालताना माझ्या जाळीवर दोनदा थोपटले. माझ्या आयुष्यात मला मिळालेले ते सर्वात मोठे बक्षीस. थोपटताना रेमोने सोडला तसा मोकळा श्वास मी पुन्हा ऐकला नाही.

सिनेमा शरद ऋतूत पालेर्मोला लागला. बेलार्दी गेला नाही, एर्सीलिया गेली. परत आल्यावर ती रेमोला सगळे सांगत होती तेव्हा मी चालूच होतो.

"ती दोन नम्र माणसं आली होती," ती म्हणाली. "मागच्या रांगेत बसली, संपायच्या आधी उठून गेली. बाकी काही झालं नाही. बेलार्दीला म्हणावं, मुलींना आण आता परत. पण रेमो, टाळ्यासुद्धा कोणी वाजवल्या नाहीत! लोक खाली माना घालून निघून गेले. निन्फाबाईंकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्या मला म्हणाल्या, चला, फुकट गेलं सगळं. मी रात्री त्यांच्याकडेच राहिले."

"मग?"

"तिकडे एक रीत आहे. कोणी गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारणी जेवण आणतात, रोज एक घर. गास्पारे गेला तेव्हा कोणी आलं नव्हतं. सगळ्यांना भीती. त्याला पुरून आल्यावर या बाईने स्वतः उठून चूल पेटवली आणि म्हाताऱ्या सासूला शिजवून घातलं. हे मला तिने सांगितलं नव्हतं हं, कधीच. मला सकाळी शेजारणींकडून कळलं. दार वाजलं. समोर बेकरीवाल्याची बायको, हातात झाकलेलं भांडं, कोंबडीचा रस्सा. म्हणाली, 'गास्पारेसाठी आणलंय, दोन्ना निन्फा. उशीर झाला.' निन्फाबाई नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात तिच्यामागे दुसरी. ती कॉफीचं भांडं घेऊन. मग खालच्या मजल्यावरची म्हातारी, तिला जिना चढवत नाही, तिने टोपली दोरीला बांधून वर ओढायला लावली. संध्याकाळपर्यंत येत होत्या रेमो! टेबलावर जागा उरली नाही, मी शिवणाच्या यंत्रावर भांडी ठेवली. यायच्या, ठेवायच्या, तिचा हात धरायच्या."

"आणि बाई?"

"बाई रडल्या. मग जेवल्या. मला म्हणाल्या, 'आज चूल पेटवू नकोस गं. आज आमच्या घरात माणूस गेलंय.'"

मित्रांनो, पुढे नवी यंत्रे आली. चेहरा आणि आवाज एकत्रच टिपण्याची पद्धत आली, त्याचे मला वाईट वाटत नाही. आमचा स्टुडिओ गेला, तिथे आता व्यायामशाळा आहे. रेमोने मला घरी नेले. तो गेल्यापासून त्याचा जावई माझ्यावर टोपी अडकवतो. माझ्या जाळीत धूळ बसली आहे, पोटातला पडदा सैल झाला आहे, आणि या घरात मला कोणी फडके लावत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याला अधूनमधून पुसा, एवढी माझी विनंती आहे. दुसरी विनंती त्याहून मोठी. कोणाच्या तोंडात त्याचे नसलेले शब्द घालू नका. आणि कोणाच्या दुःखात जायचे तुमच्याकडून राहून गेले असेल, तर आता फार उशीर झाला म्हणून घरी बसू नका. भांडे भरा, त्यावर झाकण ठेवा आणि जिना चढा.